अंकलिपी आणि साताऱ्याचा पेपर

काचबिंदूनं वडिलांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा मी त्यांना साताऱ्याहून बनशंकरीतल्या आमच्या भाड्याच्या घरी आणलं. आणलं खरं, पण इथं अप्पांशी बोलणार कोण? आम्ही नवरा-बायको दिवसभर कामावर. शेजारच्या अक्का येऊन-जाऊन बघायच्या, पण त्यांना कन्नडच यायचं, मराठी नाही. दुपारी शाळेतून येणारी माझी सहा वर्षांची लेक तेवढी सोबतीला, आणि तिचं मराठी गल्लीनं कधीच गिळून टाकलं होतं. मलाही ती अम्मा म्हणायची.

अप्पांचं मागणं एकच होतं. टपालानं शिळा होऊन येणारा साताऱ्याचा पेपर कुणीतरी वाचून दाखवावा. जेवणं झाल्यावर मी वाचायचे, पण दमलेली, उरकल्यासारखी, आणि ते त्यांना कळायचं. "नातीला शिकव की," ते एकदा म्हणाले. "दुपार लई मोठी असते गं."

ट्रंकेतून माझी लहानपणची अंकलिपी काढली. एक अक्षर, शेजारी एक चित्र, बस्स. हल्लीच्या पुस्तकांत चित्रांचा एवढा बाजार मांडलेला असतो की त्यात अक्षर शोधावं लागतं. अर्थात औत, ऐरण यांतलं हिनं काय पाहिलं होतं? पण अप्पा हवेत मूठ आवळून औत कसं धरायचं ते दाखवायचे आणि पोर खिदळत तसंच करायची. महिन्याभरात ती पुस्तक घडाघडा म्हणू लागली. मी कुठलंही पान उघडावं, तिनं बरोबर सांगावं. आता ही पेपर वाचेल, असं मी अप्पांना सांगून मोकळी झाले.

रविवारी त्यांनी पेपर तिच्या हातात दिला. "नुसता मथळा वाच."

ती पेपर नुसता उलटापालटा करू लागली. मी अंकलिपी आणली, हातानं चित्र झाकलं आणि अक्षरावर बोट ठेवलं. ती माझा हात उचलून खालचं चित्र बघायला लागली. ती अक्षरं कधी वाचतच नव्हती, चित्र बघून पाठ केलेलं म्हणत होती. मी ओरडले. "साकु, साकु! बस कर ना अम्मा," असं कन्नड-मराठी मिसळून म्हणत ती रडायला लागली आणि मलाही रडू आवरेना.

अप्पांनी तिला जवळ ओढलं. "शाळेत काय वाचतेस? ते वाच."

तिनं दप्तरातून कन्नडचं पुस्तक आणलं. ओळीवर बोट ठेवून, न अडखळता वाचत गेली. हे मात्र खरं वाचणं होतं. अप्पांना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ते ताठ बसून ऐकत होते. ती थांबली की म्हणायचे, "पुढं वाच."

धडा संपला. अप्पांनी पेपर चाचपून शोधला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या चाहुलीच्या दिशेनं धरला.

"साताऱ्याला कळव," ते म्हणाले. "इथून पुढं पेपर पाठवू नका म्हणावं."