चंडोल म्हणायचं नाही

माझी आत्या रेल्वेत तिकीट तपासनीस होती. चंडोल नावाची गाडी पहाटे आमच्या स्टेशनातून सुटायची, आणि तिच्यावर आत्याने नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं काढली. पहाटे गाणाऱ्या पक्ष्यावरून रेल्वेनेच कधीकाळी हौसेने ठेवलेलं ते नाव होतं. आत्याचा आवाज असा, की ती पहिल्या डब्यात तिकीट मागायची आणि तिसऱ्या डब्यातला फुकट्या संडासात लपायचा. आतोबा शिंपी. दुकान खाली, घर वर. ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडे मला पण तिकीट दाखवूनच वर जावं लागतं."

त्या गाडीचा गार्ड आत्याला बहिणीसारखं मानायचा. ती त्याला दादा म्हणायची आणि त्याच्या बायकोला वहिनी. दोघं मिळून गाडीवर असं काही राज्य करायची, की ड्रायव्हर म्हणायचा, मी फक्त ओढतो, गाडी यांची आहे.

मग एका थंडीत, धुक्यात, नदीच्या अलीकडच्या वळणावर रूळ तडकला. मागचे डबे बांधावरून खाली गेले. सर्वात मागे गार्डचा डबा होता. दादा जागच्या जागी गेला, बरीच माणसंही गेली. आत्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, तरी एका हाताने तिने खिडकीतून माणसं बाहेर ओढली. पेपरात तिचा फोटो आला, केस सुटलेले, बाही फाटलेली. चौकशीत निघालं की त्या वळणावरचे रूळ केव्हाच बदलायला हवे होते आणि काम दरवर्षी पुढे ढकललं जात होतं. चौकशी झाली, अहवाल कपाटात गेला, आणि गाडी बंद राहिली.

आत्याचा हात गळ्यात होता तेव्हाच रेल्वेच्या प्रसिद्धी विभागातला एक अधिकारी दुकानात आला. बरोबर फोटोग्राफर. आतोबांनी कापडाचे तागे उचलून दोघांना बसायला जागा केली. रेल्वेने देशभरातल्या गाड्यांना नवीन नावं द्यायचं काढलं होतं. लोकांनी पत्रांनी नावं सुचवायची, ज्या नावाला जास्त पत्रं ते नाव पक्कं.

"ताई, आमच्या पोस्टरवर तुम्ही हव्यात," तो म्हणाला. "तुम्ही दारात उभ्या, मागे नवे कोरे डबे, वर गाडीचं नाव. नवभरारी."

"ही कुठली गाडी?"

"तुमचीच."

"माझी चंडोल आहे."

तो जरा अवघडला. मुलगा वाईट नव्हता, बूट काढून आत आला होता. "ते नाव आता घ्यायचं नाही, असं वरून आलंय. कुठल्याच कागदावर, कुठल्याच भोंग्यावर."

"गाडी काय नावामुळे घसरली?"

"नाही. पण लोक नावाला घाबरतात. मध्ये आम्ही चंडोलची तिकीटविक्री सुरू करून पाहिली, खिडकीकडे कुत्रं फिरकलं नाही. रिकामी गाडी किती दिवस चालवणार? बंद पडली तर पाय तुमच्याच माणसांच्या पोटावर येईल."

हे खरं होतं. आतोबांनी शिवणयंत्र थांबवलं, कारण आत्या गप्प बसली की त्यांना धडकी भरायची.

"मग लोकांना सांगा की रूळ बदलले," ती म्हणाली. "तसं मोठ्या अक्षरात पोस्टरवर लिहा. खाली माझा फोटो लावा, हवी तेवढी हसते."

"जाहिरातीत रूळ बरे दिसत नाहीत, ताई."

"बदललेत ना पण?"

"बदलताहेत," तो म्हणाला, आणि फोटोग्राफरकडे बघायला लागला.

"बदलले की या," आत्या म्हणाली.

फोटो निघाला नाही. ते गेल्यावर आतोबा म्हणाले, "अगं, एक फोटो तर होता. हसली असतीस तर काय बिघडलं असतं?" आत्या म्हणाली, "अहो, तुम्ही बटणं लावा."

दुसऱ्याच दिवशी ती वहिनींकडे गेली. मीच तिला घेऊन गेलो. स्टेशनाच्या भिंतीला लागून त्यांची दोन खोल्यांची जागा, खिडकी थेट फलाटाकडे. आत्याची अपेक्षा होती की वहिनी ऐकून पेटून उठतील. वहिनी भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"बदलू दे की नाव," त्या म्हणाल्या. "रोज पहाटे या खिडकीतून ते नाव ऐकायचं मला? तुमची गाडी असेल, वन्सं. माझ्याकरता ती दुसरंच काहीतरी आहे."

त्यानंतर आत्याने नावाचा विषय बंद केला. पोस्टरला मात्र ती उभी राहिली नाहीच.

रेल्वेची पत्रकं घरोघर आली तेव्हा वहिनी स्वतः दुकानात आल्या. चष्मा लावलेला, हातात पत्रक. आतोबांनी पुढे केलेल्या स्टुलावर बसल्यासुद्धा नाहीत.

"हे वाचलंत?" त्यांनी आत्याला विचारलं. "'कटू आठवणी मागे टाकून नव्या नावाने प्रवास.' कटू आठवण म्हणजे कोण? हे?"

आत्याने पत्रक हातात घेतलं.

"मला ते नाव ऐकवत नाही, हे माझं मी बघेन. कानात बोळे घालेन. पण यांनी पुसायचं नाही. यांना काय अधिकार?" मग त्या बसल्या. "पत्र कसं लिहायचं ते सांगा."

तिथून सुरुवात झाली. आत्या हात गळ्यात बांधून स्टेशनं पालथी घालू लागली. फलाटावरच्या बाकांवर, तिकिटाच्या रांगेत, चहाच्या टपरीवर ती एकच सांगायची: नाव सुचवायचंय ना, चंडोल सुचवा. पोटापाण्याची भीती घातलेले तिचे काही सहकारी तिच्यावर चिडले. एका बुकिंग क्लार्कने तोंडावर सुनावलं, "गाडी बंद पडली तर माझ्या पोरांना तुमच्या चंडोलची पिसं खायला घालू का?" घरी येऊन आत्या जेवली नाही. "तो चुकीचं नाही बोलला," एवढंच म्हणाली. आणि सकाळी पुन्हा बाहेर पडली.

पत्रं चंडोललाच जास्त गेली. हे आम्हाला त्या बूट काढून आलेल्या अधिकाऱ्याकडूनच कळलं. तो आतोबांकडे पँट लांब करून घ्यायला आला होता. पण रेल्वेने जाहीर केलं की निवृत्त केलेली नावं स्पर्धेत धरलेली नाहीत. विजेतं नाव नवभरारी.

"निवृत्त," आत्या म्हणाली. "म्हणजे पेन्शन देणार का तिला?"

नव्या नावाने गाडी सुरू करायच्या समारंभाला येऊ नये, असा आत्याला लेखी हुकूम होता. ती इस्त्रीचा गणवेश घालून गेली. वहिनी, आतोबा, मी, सगळेच गेलो. फलाटावर मांडव, बँड, गाडीवर फुलांच्या माळा, आणि इंजिनावर पडद्याने झाकलेली पाटी. मोठे साहेब राजधानीहून आले होते. त्यांनी दोरी ओढली, टाळ्या झाल्या. मग ते म्हणाले, कुणाला काही सांगायचं असेल तर या, ही गाडी तुमची आहे.

असं नुसतं म्हणायचं असतं. वहिनी पुढे गेल्या. आत्या त्यांच्या पाठीमागे, आणि रेल्वेच्या शिपायाने तिला अडवलं तेव्हा तिने खणखणीत आवाजात "तिकीट?" असं विचारलं. तो बिचारा सवयीने खिसा चाचपायला लागला, तेवढ्यात ती पार झाली.

"साहेब," वहिनी मायकासमोर म्हणाल्या, "माझे मालक गार्ड होते. ते कुठल्या गाडीवर गेले?"

साहेबांनी मान खाली घातली. "फार वाईट घटना होती, बाई."

"हो. कुठल्या गाडीवर?"

"या... आधीच्या गाडीवर."

"तिचं नाव काय होतं?"

मागून कुणीतरी साहेबांच्या कानाशी लागलं. साहेबांनी मायकावर हात ठेवला. वहिनींनी तो हात सरळ बाजूला केला, दारावरचा पडदा सारावा तसा. आवाज चढवला नाही. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. आत्या शेजारी. बँडवाले तुताऱ्या मांडीवर ठेवून बघत होते.

"चंडोल," साहेब म्हणाले.

भोंगे सगळ्या फलाटांवर चालू होते.

वहिनींनी हात जोडले आणि त्या खाली उतरल्या. पायरीवर त्यांचा तोल गेला, आत्याने धड हाताने त्यांना धरलं. गर्दीतून कुणी घोषणा दिली नाही. लोकांनी फक्त वाट करून दिली, आणि तो बुकिंग क्लार्क टोपी काढून उभा होता.

पुढे काय झालं, तर आत्याची बदली पार्सल ऑफिसात झाली आणि पगारवाढ रोखली गेली. माफीपत्र दिलंत तर गाडीवर परत घेऊ, असा निरोप आला. आतोबांनी शाईची दौत आणून ठेवली, कारण त्यांना ती रोज संध्याकाळपासून घरात बडबडते हे सोसवत नव्हतं. आत्याने त्या शाईने किराण्याची यादी लिहिली.

नवभरारीची पाटी काही महिन्यांनी उतरली. पेपरांनी रेल्वेला धारेवर धरलं होतं, आणि रेल्वेला जुनं नाव परत द्यायचंही नव्हतं. तेव्हा ती गाडी नुसत्या नंबरवर चालायला लागली. वळणावरचे रूळ त्या वर्षी बदलले, आणि त्यानंतर गाडी हळूहळू भरू लागली.

वहिनी ते नाव एरवी कधीच घेत नसत. त्या समारंभानंतर त्यांनी खिडकीला जाड पडदा लावला. आत्या त्यांच्याकडे गेली की दोघी दुसऱ्याच गोष्टी बोलत.

पार्सल ऑफिसात मात्र आत्या त्या गाडीने जाणाऱ्या प्रत्येक खोक्यावर आणि पोत्यावर ब्रशने ठसठशीत 'चंडोल' लिहायची. मुकादम म्हणायचा, "बाई, नंबर लिहा, वरून विचारतात." ती म्हणायची, "नंबरही लिहिलाय की. खाली बघा." नोटिसा येत राहिल्या. ती प्रत्येक नोटिशीची पोच सही करून द्यायची आणि पुढचं पोतं ओढायची.