भावोजींचा आरसा आणि भाचीची खोली

माझे भावोजी आरसे बनवतात. काचेच्या पाठीला चांदीचा थर देण्यापासून कडा घासण्यापर्यंत सगळं स्वतःच्या हाताने. कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवणार, मग बोलणार. राउटरच्या दुकानातही त्यांनी तेच केलं आणि मी कपाळाला हात लावला.

राउटर हवा होता माझ्या भाचीसाठी. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती घरी बसून कॉम्प्युटरवरून बोलायला शिकवते. पण तिच्या खोलीत इंटरनेट सारखं तुटायचं. “मावशी, मूल अडखळतंय की नेट, तेच कळत नाही गं,” असं म्हणून ती हसायची. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. ती ज्या संस्थेतर्फे शिकवते तिने बजावलं होतं, सोमवारी आमच्या मोठ्या बाई तुमचा तास पाहतील. तेव्हाही लाइन तुटली तर दूरच्या मुख्य केंद्रात राहायला यावं लागेल. पोरीला जायचं नव्हतं. ताईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि लेकीत भावोजींचा जीव किती अडकलाय हे मला ठाऊक आहे.

“बाहेरच्या खोलीत नेट पळतं ना? मग मोडेम ठणठणीत आहे,” दुकानदार म्हणाला. “मोडेम बाहेरची लाइन घरात आणतो, राउटर ती खोल्याखोल्यांत पोचवतो. तुम्ही फक्त राउटर बदला. मधल्या भिंती कसल्या आहेत?”

“साध्या. विटांच्या.” भावोजींनी सांगितलं आणि मीही मान डोलावली. मग त्यांनी एक राउटर निवडला. का, तर म्हणे कड गुळगुळीत आहे!

घरी आणून जोडला. बाहेरच्या खोलीत नेट सुसाट, भाचीच्या खोलीत ये रे माझ्या मागल्या. पुन्हा दुकान. या वेळी पहिला परत देऊन चहूबाजूंनी अँटेनांची शिंगं असलेला दांडगा राउटर आणला. तरीही फरक शून्य. “कडा बघून खरेदी केली की असंच होणार!” मी भावोजींवर करवादले.

रविवारी ते आरसा पुसायला निघाले. बाहेरची खोली आणि भाचीची खोली यांच्यामधल्या भिंतीवर, जवळजवळ भिंतभर, त्यांनी बनवलेला पहिला मोठा आरसा होता. लग्न झाल्यावर ताईसाठी केलेला. टांगलेला आरसा ते कधीच पुसत नाहीत. पाणी मागे झिरपतं आणि थर खातं, म्हणून आधी उतरवायचा, हा त्यांचा नियम. दुसऱ्या टोकाला मला धरायला लावलं आणि आम्ही तो अंगणात नेला.

आतून भाची ओरडली, “बाबा, काय केलंत? चित्र अडकतच नाहीये!”

“काही नाही गं. आरसा पुसतोय.”

पुसून परत टांगला, तर चित्र अडकलं. पुन्हा उतरवला, तर चालू. तेव्हा कुठे उलगडा झाला. उजेड परत फिरवणारा तो पाठीमागचा थर राउटरचा सिग्नलही परत पाठवत होता. दुकानदाराने भिंतीचं विचारलं तेव्हा आम्हाला आरसा आठवलाच नव्हता. त्या घरात जिकडे तिकडे आरसेच. आपण कुणी त्यांना मोजतो का?

भावोजी पायरीवर टेकले. “म्हणजे पोरीची वाट मीच अडवून बसलो होतो.” मला वाटलं, आता इतक्या वर्षांच्या आरशासाठी हळहळतील. पण ते लगेच उठले. “धर त्या बाजूने. वर्कशॉपमध्ये ठेवू.”

संध्याकाळी शिंगांवाला राउटर परत करून पहिलाच घेऊन आलो. “मोठा मागणारे रोज येतात, मोठा देऊन धाकटा नेणारे तुम्हीच,” दुकानदार म्हणाला.

सोमवारी तास सुरू झाला आणि आम्ही तिघं बंद दाराबाहेर कान लावून बसलो. आत एक छोटी मुलगी वाक्य म्हणत होती. मध्येच आवाज थांबला. ताईने माझा हात करकचून धरला. गेली लाइन! पण नाही, पोरगी अडखळली होती. तिने दम घेतला आणि वाक्य पुरं केलं. कुणी अडखळल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

थोड्या वेळाने भाची बाहेर आली. “मोठ्या बाई म्हणाल्या, घरूनच चालू ठेवा.” सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मी तर चक्क रडले.

ताई कंगवा घेऊन सवयीने त्या भिंतीसमोर जाऊन उभी राहिली. समोर आरशाच्या मापाचा कोरा चौकोन. भावोजी ओशाळले. “दुसरीकडे लावून देतो गं तुला.”

“द्या सावकाश,” ताई त्या भिंतीकडे बघतच म्हणाली. “माझं तोंड काय, मला पाठ आहे. हिचं रोज दिसेल ना आता.”

भावोजी चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.