पपईचा केक

"वास येऊन राह्यला का?"

काका रोज हे विचारायचे, आणि विचारताना नाक नाही, कान पुढे करायचे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी पडले खादाड. माझं सगळं लक्ष ट्रेकडे.

रायपूरच्या बुढापाऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती बेकरी होती. सातला शटर उघडायचं, साडेसातला पहिला ट्रे निघायचा आणि आठला माझी नवा रायपूरच्या ऑफिसची बस. काका मालक नव्हते, भट्टीवरचे कारागीर. मूळचे भंडाऱ्याकडचे, वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे इथलेच झालेले. मी पुण्याहून बदलीवर आलेली, एकटी. कोणी मराठी बोललं की हरखून जायची.

केक म्हणजे तोच हो, तुम्ही-आम्ही सगळ्यांनी टपरीवर खाल्लेला. पिवळा, कागदासकट हातात येणारा, लाल-हिरव्या तुकड्यांचा. ते तुकडे म्हणजे पाकात शिजवलेली कच्ची पपई, हे मला काकांकडून कळलं. "साहेबलोकाच्या केकात सुका मेवा राहे. माहा बाप गाडीत खानसाम्याच्या हाताखाली होता. मेवा सरला, तं बापानं पपई टाकली. साहेब गेले, पपई राह्यली!" आता हा केक माझ्याच बापानं काढला असं सांगणारा प्रत्येक गावात एक तरी सापडेल. पण सांगताना काकांचे डोळे असे चमकायचे की मी मान डोलवायची.

खायच्या तऱ्हा तर विचारू नका. शिळा केक आडवा कापून तव्यावर तुपात परतायचा. कोमट दुधात कुस्करून वर साय घालायची. हिवाळ्यात मधोमध चिरून सीताफळाचा गर भरायचा. भीमजयंतीला काका छोट्या केकांचा स्तूप रचायचे, माथ्यावर निळ्या आयसिंगचा एक. कोणी खालून केक ओढला की ओरडायचे, "वरून घे ना बे! बुड काहून हलवतं?"

एका सकाळी मी पोचले तर आतून काळा धूर येत होता, आणि काका भट्टीकडे पाठ करून शांतपणे केकचे कागद मोजत होते. मला बघून म्हणाले, "वास येऊन राह्यला का?"

"काका, करपतंय!"

ते धावले. ट्रे काढला, कोळसा झाला होता. मग पिठाच्या पोत्यावर बसून राहिले. इतका घाबरलेला माणूस मी जवळून पाहिला नव्हता.

"त्या मोठ्या तापात वास गेला, पोरी. वापस आलाच नाही. मालकाले समजलं तं भट्टीवरून काढन. या वयात मले दुसरी भट्टी कोन देईन? कोनाले सांगू नको."

मी नाही सांगितलं. मला तो मोठेपणा वाटला. आज वाटतं, त्याच दिवशी मालकाकडे जायला हवं होतं. भांडण झालं असतं, काकांनी मला तोंडभरून शिव्या दिल्या असत्या. चाललं असतं.

त्याऐवजी मी त्यांचं नाक झाले. भट्टी गॅसची होती. सातला मी आत जाऊन नळीजवळ हुंगायची आणि "नाही" म्हणायची. मग ते काडी ओढायचे. अर्ध्या तासाने तोच प्रश्न केकसाठी, तेव्हा "हो" म्हणायचं. आम्हाला याची गंमत वाटायची. "तुहं नाक पगारावर ठेवतो," म्हणायचे. मीही हसायची. त्या नळीकडे आम्ही दोघांनीही कधी नीट पाहिलं नाही.

डिसेंबरात मला सर्दी झाली. नाक गच्च. तसं सांगितलं असतं तर त्या दिवशी भट्टी पेटली नसती, मालकाने कारण विचारलं असतं आणि गुपित फुटलं असतं. शिवाय रोज काही नसतं, आज काय असणार, असं मनाशी म्हटलं. आत गेले, हुंगल्यासारखं केलं.

"वास येऊन राह्यला का?"

"नाही येत," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. मला येतच नव्हता.

बाहेर येऊन बस किती लांब आहे ते फोनवर बघत होते. भक्कन आवाज झाला आणि काउंटरची काच माझ्या पायाशी आली.

नळी उंदरांनी कुरतडली होती, असं नंतर सगळे म्हणत होते.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलात काकांच्या लेकीने मला आत सोडलं. चेहऱ्यावर, हातांवर पट्ट्या. माझं रडणं ऐकून त्यांनी मान वळवली.

"तुले सर्दी होती ना?"

मी हो म्हणाले.

"आवाजावरून समजलं होतं मले. पन तवर काडी ओढली होती." मग म्हणाले, "कोनाले सांगू नको."

दोन दिवसांनी ते गेले. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे, तुम्हाला.

बेकरीचं शटर अजून बंदच आहे. बसला त्याच गल्लीतून जावं लागतं. माझं नाक आता अगदी साफ आहे. शटरपाशी रोज थांबते, खोल श्वास घेते.

नाही येत.