आत्याने परदेशी होस्ट निवडला, त्याची गोष्ट

आमची आत्या शिलाई मशीनं दुरुस्त करते आणि जगाकडेही त्याच नजरेने बघते. कुठेतरी काहीतरी अडकलंय आणि ते तिच्याशिवाय कुणालाच दिसत नाही, असा तिचा ठाम समज. वय अडुसष्ट. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. आत एका वेळी एक मशीन, एक गिऱ्हाईक आणि आत्याचा आवाज एवढंच मावतं.

वीस वर्षं तिने हाती आलेल्या प्रत्येक जुन्या मशीनचं पोट उघडून आतलं चित्र काढलं. कुठली स्प्रिंग कुठे, कुठला स्क्रू आधी काढायचा, सगळं. अशी दोनशे बारा चित्रं. मी ती स्कॅन करून तिच्या वेबसाइटवर चढवली. पुढे माळ्यावरची पाण्याची नळी फुटून मूळ कागदांचा लगदा झाला, आणि माझा तेव्हाचा संगणक तर कधीच भंगारात गेला होता. म्हणजे चित्रं उरली ती फक्त साइटवर. कुठले कुठले कारागीर ती बघून मशीनं जोडत आणि आत्याला आभाराची पत्रं लिहीत. पत्र आलं की ती दिवसभर आतोबांवर खेकसत नसे, यावरून काय ते समजा.

आपल्या संगणकावर भाड्याने जागा देऊन साइट सांभाळायचा तो बेकरीच्या वरच्या मजल्यावरचा होस्टिंगवाला. एक दिवस त्याचा निरोप आला: धंदा गुंडाळतोय, महिन्याभरात बिऱ्हाड दुसरीकडे हलवा.

आता नवा होस्ट शोधणं आलं. मी किमतींचे तक्ते काढले, लोकांचे अभिप्राय वाचले. आत्याने तक्त्यावर तेलाची बाटली ठेवली.

नवा मेकॅनिक पारखायची तिची एक रीत आहे. ती त्याला ठणठणीत मशीन देते आणि म्हणते, "बघ रे, अडखळतंय." जो काहीतरी बदलून आणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावते. जो म्हणतो, "यात काही बिघाड नाही," त्याला ठेवून घेते.

"सगळ्यांना लिही," ती मला म्हणाली, "साइट फार सावकाश उघडते, काय करू?"

"आत्या, साइट तर पटकन उघडते!"

"म्हणूनच लिही."

सहा कंपन्यांना लिहिलं. पाच जणांनी तासाभरात मोठी योजना सुचवली. एकाने तर तीन वर्षांची. सहावी कंपनी परदेशातली, चार माणसांची. तिथल्या माणसाचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "तुमची साइट मी सात वेळा उघडली. तिला काहीही झालेलं नाही. उत्तराला उशीर झाला तो माझ्यामुळे, मी चित्रं बघत बसलो."

"हाच," आत्या म्हणाली.

आतोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "अगं, परदेशात? उद्या काही झालं तर भांडायला कुठे जाणार?"

"बेकरीवरचा बारा पायऱ्यांवर होता. गुंडाळलाच ना त्याने धंदा?"

"कायदा तिकडचा, घड्याळ तिकडचं. आपली दुपार म्हणजे तो झोपलेला."

"बरंय की. झोपलेला माणूस मध्ये लुडबुडत नाही."

तरी तिने मला दोन प्रश्न विचारायला लावले. माझा माल ठेवणार कुठे? हवा तेव्हा परत नेता येईल का? त्याने शहराचं नाव दिलं, परत नेण्याची रीत लिहिली आणि खाली एक ओळ जोडली: "एक प्रत घरी ठेवाच. आमच्यावरही विसंबू नका." ही ओळ वाचून आतोबांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. त्याच्याकडे साइटसाठी जागा घेतली. सगळं उद्या सकाळी हलवू, असं मी म्हटलं आणि घरी गेले.

सकाळी मी दुकानात पोचण्याआधीच आत्या बारा पायऱ्या चढून बेकरीवरच्या होस्टिंगवाल्याकडे जाऊन आली होती. कारण चाळीस वर्षांचा तिचा नियम: जुना भाग निघाल्याशिवाय नवा बसत नाही.

"अरे, माझं सगळं काढून टाक बाबा, जागा मोकळी कर," तिने त्याला सांगितलं.

"नक्की ना, मावशी?" त्याने दोनदा विचारलं.

"तू मला शिकवतोस?"

त्याने काढलं. राखीव प्रतीची डिस्क तर त्याने आदल्याच दिवशी पुसून विकली होती.

मी साइट उघडली तर पांढरं पान. मला रडूच कोसळलं. रागही आला, तिचा नव्हे, माझाच. एक दिवस आधी सगळं उतरवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? आत्या स्टुलावर बसली. "हात तुटल्यासारखं वाटतंय गं," एवढंच म्हणाली. आतोबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिने तो झटकला नाही.

परदेशी माणसाला मी सगळं कळवलं. उत्तर आलं: "माझ्या आईकडे असंच जुनं मशीन आहे. तिला दाखवायला मी एकोणीस चित्रं उतरवून घेतली होती. आधी विचारलं नाही, माफ करा. सोबत पाठवतोय."

एकोणीस मिळाली. राहिली एकशे त्र्याण्णव.

तीन दिवस आत्या दुकानात गेली नाही. चौथ्या दिवशी एक बाई बिघडलेलं मशीन घेऊन घरीच आल्या. आत्याने ते तिथेच जेवणाच्या टेबलावर उघडलं, बराच वेळ आत बघत राहिली आणि मला म्हणाली, "चित्रं गेली. मशीनं कुठे गेलीत? कागद आण."

रेघ आता पूर्वीसारखी सरळ येत नाही. एका चित्राला पंधरा दिवस लागले. पहिलं पूर्ण झालं तेव्हा तिने त्याच्या तीन प्रती करवल्या, एक आतोबांच्या उशीखाली. मग बोटांवर हिशेब केला: महिन्याला दोन, म्हणजे आठ वर्षं.

"लिही त्याला," ती म्हणाली, "आठ वर्षांचे पैसे एकदम भरते म्हणावं."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मी वाचून दाखवलं: "आठ वर्षं आम्ही राहू, याची खात्री मी देऊ शकत नाही. एकाच वर्षाचे भरा."

आतोबा म्हणाले, "बघ! म्हटलं नव्हतं?"

आत्याने पेन्सिलीला टोक काढलं. "नसू दे त्याची खात्री," ती म्हणाली. "माझी आहे."