जवारी निघाली का?

मास्तर मंडळी चहाला बसली की किस्से आपोआप साचतात. पगार साचत नाही, किस्से साचतात. आमची तर गाण्या-बजावण्याची शाळा, तीही भातकुलीकडच्या एका गावात, आणि तीही शेतीनं मान टाकलेल्या त्या वर्षांत! आता शाळा नाही. किस्से तेवढे उरलेत, तेही मला अर्धवट झोपेत आठवतात. आठवतील तसे सांगतो.

शाळेत आम्ही तिघं. देशमुख सर सतार शिकवायचे आणि हेडमास्तरही तेच. पातूरचे उस्मानचाचा दिलरुबा शिकवायचे आणि सगळी वाद्यं दुरुस्त करायचे. मी व्हायोलिनवाला, रोज बडनेऱ्याहून खटारा एसटीनं येणारा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दर वर्षी एकच वाक्य ऐकवायचे, "गावाले पाहिजे असन तं ठेवू, नाई तं कुलूप!" सरांना पेन्शन होती, मला शहरात ट्यूशन मिळाल्या असत्या. चाचांचं तसं नव्हतं. शाळा बंद झाली की त्यांना पातूरला मुलाच्या भाजीच्या दुकानात बसावं लागणार होतं. "तिथं कांद्याले जागा हाय, दिलरुब्याले नाई," ते म्हणायचे. मला ते ऐकवत नसे.

*

आमची पाटी होती, 'तंतुवाद्य विद्यालय'. पेंटरनं 'तंतु' आणि 'वाद्य' यांत वीतभर अंतर सोडलेलं, आणि पावसानं 'द्य'चा 'य' धुऊन नेला. त्याच सुमाराला गावोगावी तंटे मिटवायच्या समित्या निघाल्या होत्या.

एक दिवस दोन सख्खे भाऊ धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडत थेट वर्गात घुसले. थोरल्यानं सरांपुढे नकाशाच पसरला. सरांना वाटलं पालक आहेत, म्हणून त्यांनी चहा सांगितला. अर्धा तास धुरा ऐकून घेतल्यावर सर म्हणाले, "पण पोरगा कोणत्या वर्गात आहे तुमचा?"

"पोरगा? तंट्याचं हापिस हेच ना? बाहीर 'वाद' लिवला हाय!"

"अहो, इथं वाद्य शिकवतात!"

धाकटा भडकला. "म्हंजे तुमी वाद लावता का मिटवता, एक सांगा!"

कोपऱ्यात दिलरुब्याच्या खुंट्या पिळत बसलेले चाचा मान वर न करता म्हणाले, "लावतोबी आमीच, मिळवतोबी आमीच. बसा!"

*

दर जूनमध्ये पोरं गोळा करायला घरोघरी फिरायचं. अर्धी घरं पुण्याला नाही तर सुरतेला कामाला गेलेली. उरलेल्यांच्या ओट्यावर बसून मी व्हायोलिनचं महत्त्व सांगायचो. स्वतःचाच कंटाळा यायचा.

एका बापानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे वाजवून नोकरी लागते काय, सर?"

मी छाती काढून म्हणालो, "मला लागली की!"

त्यानं माझ्या अंगठा तुटलेल्या चपलेकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "थेच तं पाहून राहिलो."

पोट्टी मात्र पाठवली त्यानं. वर्षभर नियमित आली.

*

सतारीच्या तारा अमरावतीहून मागवाव्या लागत. गावात फोन किराणा दुकानात. पार्सल हातात पडलं, म्हणून मी दुकानदाराला फोन करून म्हणालो, "चाचांना निरोप द्या, तार आली."

दुपारी पोचलो तर शाळेपुढे वीस-पंचवीस माणसं खाली मान घालून बसलेली. चाचांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात. एक म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणत होती, "परक्या गावात तार आली हो बिचाऱ्याले!"

चाचा माझ्याकडे पाहत पुटपुटले, "मियाँ, कोण गेलं थे लवकर सांग. मी मघापासून नुसता रडून राहिलो!"

मी पार्सल फोडून तारेचं वेटोळं दाखवलं. म्हातारी उठली आणि म्हणाली, "आता रडलो तं रडलो. पुढच्या मयतीत वळतं करून घेऊ."

त्या वर्षांत गावात मयती कमी नव्हत्या. कोणी हसलं नाही.

*

आता जवारीचं. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात, ती घासून नीट केली की आवाज भरून येतो. त्या गुंजणाऱ्या आवाजाला म्हणतात जवारी. ही जवारी गेली की तंबोरा मुका. आमचा मुकाच झाला होता.

पोरांना हे काम दाखवावं म्हणून देशमुख सरांनी देवळाच्या भोंग्यावरून जाहीर केलं, "उद्या सकाळी शाळेत जवारी काढायची आहे. सर्वांनी यावं!"

सकाळी सहाजणी हजर! हातात विळे, फडक्यात भाकरी. पुढे कमलाबाई, आमच्या एका विद्यार्थिनीची आई.

"कुठं हाय जवारी?"

सरांनी तंबोऱ्याकडे बोट दाखवलं. कमलाबाई तंबोऱ्याभोवती एक फेरी मारून आल्या.

"मलेबी नवलच वाटलं! गावात समद्याच्या वावरात कापूस. म्हटलं मास्तरनं जवारी पेरली कुठं?"

सर कानकोंडे झाले. बायकांचा दिवस बुडाला होता आणि आम्ही त्यांना चहाशिवाय काही देऊ शकत नव्हतो. मला त्या विळ्यांकडे पाहवेना. जाताना कमलाबाई म्हणाल्या, "निघाली म्हंजे सांगजा."

*

आणि शेवटचा. डिसेंबरात अध्यक्षांचा निरोप आला, एक कार्यक्रम करा, गाव आलं तर ठीक. कार्यक्रमाच्या दिवशी ते येताना जीपमध्ये नवंकोरं कुलूप घेऊन आले होते. ते मी पाहिलं, चाचांनीही पाहिलं.

कापूस वेचणीचे दिवस. कोण येणार? चाचांनी भोंगा हातात घेतला, "आज दुपारी शाळेत जवारी निघनार हाय. विळे आणू नका!"

आणि बायका आल्या! वावरातून थेट, पदराला कापूस चिकटलेला. मागून गडीमाणसं, धुऱ्याचे दोघं भाऊही. अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून बसले.

चाचांनी तंबोरा छेडला. भद्द! घोडी घासून झाली होती, पण जवारी खुलायला तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवावा लागतो, तो कुठेतरी गळून पडला होता. पेटी उलटी केली, खिसे चाचपून झाले. सगळ्या वऱ्हाडात कापूस, आणि आमच्या शाळेत बोटभर सूत नाही! अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. चाचा गर्दीकडे वळले. "कोनाजवळ दोरा हाय का, बाप्पा?" त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

कमलाबाईंनी पदराचा कापूस उपटला, देवाची वात वळतात तसा मांडीवर वळला आणि चाचांच्या हातात दिला. चाचांनी त्याचे चार तुकडे केले, एकेका तारेखाली घातले, केसभर मागं, केसभर पुढं केले, आणि तार छेडली.

पत्र्याची खोली भरून गेली. चाचा डोळे मिटून छेडत राहिले, मी व्हायोलिन उचलायचंच विसरलो. बऱ्याच वेळानं अध्यक्ष उठले. "पुढच्या साली पाहू," म्हणाले आणि जीपकडे गेले.

चाचांनी डोळे उघडले. समोर कमलाबाई हनुवटीला हात लावून तंबोऱ्याकडे पाहत होत्या.

"निघाली का चाचा, जवारी?"

"निघाली, बाई."

"पहा बरं," कमलाबाई शेजारणीला म्हणाल्या, "तीबी कापसातूनच!"