जमीन तिघांची, व्याज तिघांचे

वकीलसाहेब दिगंबरराव यांना मी प्रथम पाहिले ते बीडच्या जुन्या बाजारपेठेतल्या त्यांच्या माडीवरच्या कचेरीत, दुष्काळाच्या वर्षी. कराचा सल्ला देणाऱ्याला आमच्याकडे वकीलच म्हणतात, म्हणून ते सगळ्यांचे वकीलसाहेब झाले. मी तेव्हा सहकारी साखर कारखान्यात कारकून होतो. बरोबर माझे दोन थोरले भाऊ होते, दादा आणि नाना. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण असे. पालीजवळची आमची वडिलार्जित शेतजमीन रस्त्याला गेली आणि मोबदला आला. त्या मोबदल्यावर कर नव्हता. घरातल्या थोरल्याच्या नावावर सगळे ठेवायची आमच्याकडे रीत आहे. त्या रीतीने दादांनी तिघांच्या पैशांचे रोखे घेतले, पण आपल्या एकट्याच्या नावावर. व्याजावर घर चालवायचे आणि मुदत संपली की पाण्याजवळची जमीन घ्यायची, असा बेत होता. शेतकऱ्याला कर नसतो या समजुतीने त्यांनी ते व्याज कुठे दाखवले नाही. पुढे कर खात्याची विचारणा आली. तेव्हा नानांना कळले की कागदावर आपले नावच नाही. उद्या जमीनही एकट्या दादांची होईल, हे त्यांच्या मनाने घेतले आणि घरात वेगळ्या चुलीची भाषा सुरू झाली.

"साहेब, शेतकऱ्याला कर न्हाई, हे साऱ्या मुलखाला ठावं हाय," दादा बसता बसता म्हणाले.

"पिकाला नाही," वकीलसाहेब म्हणाले. "रोख्यांचं व्याज तुमच्या शेतात उगवलं का?"

"रोख्याचा एजंट म्हनला, कापसाचे पैसे म्हनून दाखवू."

"गावात सध्या पाणी कशानं येतंय?"

"टँकरनं."

"माणसांना टँकर आणि कागदावर कापूस. खात्याचे लोक म्हणतील, दादा, हे बियाणं आम्हालाही द्या."

नाना तोंड फिरवून हसले. दादा हसले नाहीत. वकीलसाहेबांनी विचारले, "जमीन कोणाची होती?"

"तिघांची. सातबाऱ्यावर तिघंबी हाव."

"मग व्याज कोणाचं? सगळं माझंच म्हणालात, तर सगळा कर तुम्ही भरायचा आणि रोखेही तुमचेच. तिघांचं म्हणालात, तर मोबदल्याचे कागद जोडून तसं लिहून द्यावं लागेल. मग ज्यानं त्यानं आपला हिस्सा आपल्या उत्पन्नात दाखवायचा. सोयीचं सांगू नका, खरं सांगा."

नाना खाली बघत होते.

"यात इचारायचं काय? तिघांचं हाय, ल्ह्या," दादा म्हणाले, आणि नानांकडे वळले. "तुला काय वाटलं बे, मी गिळनार व्हतो?"

"तुमी कधी बोल्लात का?"

"तू तरी कधी इचारलं?"

वकीलसाहेबांनी दोघांच्या मध्ये पाण्याचा तांब्या ठेवला आणि लिहायला घेतले. दादा आणि नाना यांचा हिस्सा करपात्र मर्यादेच्या आत राहिला. मला पगार होता, त्यामुळे कर बसला तो एकट्या मला. तो बँकेत भरून मी बाहेर आलो तेव्हा दोघे भाऊ एका बाकावर बसून चहा पीत होते. नाना म्हणाले, "शिकल्याचं हे आसं व्हतंय."

वकीलसाहेबांची एक पद्धत त्यांच्याकडे गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. सही करण्याआधी व्यवहार आपण त्यांना समजावून सांगायचा. तो सांगता आला नाही तर सही नाही. मोबदल्याचा उरलेला हप्ता आला तेव्हा करमुक्त रोखे निघाले होते. नाना म्हणाले, "मलाबी करमुक्तच द्या."

"त्याला व्याज कमी असतं. तुम्हाला कर बसतच नाही. आजार नसताना औषध कशाला?" माझ्यासाठी मात्र त्यांनी तेच रोखे सुचवले, आणि पोस्टातले करमुक्त पीपीएफ खातेही उघडायला लावले. "रोख्यांचं व्याज करमुक्त, पण मध्येच विकून नफा झाला तर त्या नफ्यावर कर असतो," हे त्यांनी मला बजावले आणि नानांना म्हणाले, "आता तुम्ही सांगा."

"धाकट्याची म्हैस दूध कमी देती, पन त्यातून कुनी काई काढून घेत न्हाई. माझी लई देती, अन् माझ्या दुधाला हात लावनारच कुनी न्हाई. मंग म्या कमी दुधाची म्हैस कावून बांधू?"

वकीलसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. पुढे कित्येकांना त्यांनी हीच म्हैस सांगितली, नानांचे नाव घेऊन.

वारस म्हणून जिचे नाव लावायचे, तिलाही ते समोर बसवत. आमच्या वहिनींना त्यांनी विचारले, "दादा नसले तर या कागदांचं काय कराल?"

"तुमच्याकडं यीन की."

"मीही नसेन."

मग वकीलसाहेबांनी त्यांना सगळे पुन्हा सांगितले, आणि वहिनींनी न अडखळता सांगून दाखवेपर्यंत आम्हाला उठू दिले नाही. माणसाला आपल्यावर अवलंबून न ठेवणे ही मला त्यांची सर्वांत मोठी माया वाटते. देवळात डोळे मिटून बसलो की कधी कधी मला त्यांचा तो धीमा आवाज आठवतो.

दादांनी घेतलेल्या रोख्यांची मुदत संपली. मी माझे करमुक्त रोखे मुदतीआधीच विकले, थोडा नफा झाला, त्यावरचा कर भरला. तिघांनी पैसे एकत्र करून बिंदुसरा नदीच्या अंगाला जमीन घेतली. तिच्या सातबाऱ्यावर तिघांची नावे आहेत आणि घरात आजही एकच चूल पेटते. दर हिवाळ्यात वकीलसाहेब कपिलधारच्या देवस्थानाचे दर्शन घेऊन आमच्या शेतात हुरड्याला येतात. नाना कणसे भाजतात आणि दादा त्यांच्या पुढ्यात वाढतात.

वकीलसाहेबांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. मी देवाजवळ सहसा काही मागत नाही. यंदा कपिलधारला मागितले. त्यांची नजर शाबूत राहो, दात हुरडा खाण्याइतके बळकट राहोत, आणि शतायुषी होऊनही आमच्या बांधावर त्यांचे येणे चालू राहो. आमच्या तिघा भावांच्या पंगतीत त्यांचे पान दर वर्षी मांडलेले असेल.