सादिर आबाकेची पाळी

आमच्या शाळेतली सायरागुल कुणाला "चुकलं" म्हणू शकत नाही. शिंप्याने कोटाच्या बाह्या आखूड शिवल्या, तर हिने "तुमचे हात कधी दुखू नयेत" असा आशीर्वाद दिला आणि अख्खा हिवाळा मनगटं चोळत काढला. ती संगणक शिकवते, मी भूगोल. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबलं शेजारी, त्यामुळे तिची ही भीड रोज बघून माझंच डोकं फिरतं.

गेल्या वसंतात तिने केझूचं काम अंगावर घेतलं. केझू म्हणजे गावाचा कळप चारायला न्यायची पाळी. ज्याची मेंढरं जास्त, त्याच्या वाट्याला दिवस जास्त, आणि त्यावरून दर आठवड्याला कुंपणापाशी कचाकचा भांडणं. उद्या पाळी कुणाची, ते रोज संध्याकाळी साऱ्या गावाला फोनवर आपोआप कळवणारा प्रोग्राम करायचं तिच्या मनाने घेतलं. त्यासाठी तिने एआय मदतनीस धरला. ही सांगणार, तो लिहिणार.

सुरुवात मात्र, "सलाम, बरे आहात ना? थकला नाहीत ना?" अशी.

"अगं, त्याला काय घरदार आहे?" मी म्हटलं.

"नसेल, बाइके. पण आल्या आल्या काम सांगायचं, बरं दिसतं का ते?" मी वयाने मोठा म्हणून ती मला बाइके म्हणते.

तिला सगळ्यात नवल वाटायचं ते एका गोष्टीचं. दुसऱ्या दिवशी तेच संभाषण उघडलं, की कुठवर आलो होतो ते तोच हिला सांगायचा. "मी बोललेलं सगळं याला आठवतं," ती एकदा म्हणाली. "पण मी न बोललेलं कळत असेल का हो?"

"आम्हाला तरी कुठे कळतं?" मी म्हटलं.

काम संपलं. गावाला निरोप सुटायच्या आधी तिने चाचणी घेतली आणि तिचा चेहरा पडला. पहिलंच नाव सादिर आबाकेचं होतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आम्ही मानाने आबाके म्हणतो.

आबाकेची बायको बुरमा नुकतीच गेली होती. दुःखाच्या घराला आम्ही पाळी सांगत नाही. त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही. शेजारी त्या घरची मेंढरं मुकाट्याने कळपात घेतात, झालं.

"निरोप गेला तर म्हातारा काठी घेऊन कळपामागे निघेल, बाइके. मानी माणूस. गाव बुरमाला विसरलं, असं मनात धरून बसेल."

तिने कालचं संभाषण पुन्हा उघडून लिहिलं, "फार सुंदर केलंत. तुमचे हात दुखू नयेत. सवड असेल तर घरांकडे एकदा बघाल का?"

मदतनीसाने बघितलं. घरांची नावं ठळक केली आणि कळवलं, "तुम्हाला काम आवडलं आहे, म्हणून बाकी सगळं तसंच ठेवलं."

मला हसू आवरेना. "सरळ सांग ना, चुकलंय म्हणून!"

"एवढी मेहनत केली त्याने. तोंडावर कसं सांगू?"

"त्याला तोंड नाहीये, सायरागुल!"

शेवटी तिने मन घट्ट करून लिहिलं, "हे चुकलं आहे. दुःखाच्या घराला पाळी द्यायची नाही." आणि कुणाच्या थोबाडीत मारल्यासारखी हात मांडीत घेऊन बसली. तो बिचारा रुसला नाही, फुगला नाही. त्याने विचारलं, "दुःखाचं घर कोणतं, हे मला कोण सांगेल? आणि दुःख कधी संपलं असं धरू?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं की संपलं. लिही तसं," मी म्हटलं.

"माझी आई गेली तेव्हा माझं संपलं होतं?" ती म्हणाली. मग तिने लिहिलं, "तारीख धरू नका. मी सांगेन."

चाळिसावा होऊन गेला. पाळ्या फिरत राहिल्या, आबाकेचं नाव काही येईना. ही त्याच्या फाटकापर्यंत जायची, हवापाण्याचं बोलायची आणि परत यायची. दुःख संपलं का, असं विचारायचं तरी कसं? मला तिची कीव आली, आणि रागही.

मग एका संध्याकाळी आम्ही तिच्या अंगणात चहा पीत असताना आबाकेच आला. बसला नाही. तिने पुढे केलेल्या नानला हातही लावला नाही. आमच्याकडे राग दाखवायला एवढं पुरे.

"पोरी, तुझ्या यंत्रात मी मेलोय का?"

"आबाके, असं काय बोलता!"

"बुरमा गेली. मी आहे अजून. सगळ्यांची नावं येतात, माझं का येत नाही?"

सायरागुल लाल झाली. "त्याने मला विचारलं होतं, तुमचं दुःख कधी संपेल म्हणून. मी म्हटलं, मी सांगेन. पण मला कुठे माहीत होतं?"

म्हाताऱ्याने दाढी कुरवाळली.

"मग लिही त्याला," तो म्हणाला. "संपलेलं नाही. पण उद्याची पाळी माझी."

तिने लॅपटॉप आणला, जुनं संभाषण उघडलं आणि तेवढंच लिहिलं. सलाम नाही, आशीर्वाद नाही. थोड्या वेळाने निरोपाची वेळ झाली. आधी माझा फोन वाजला, मग तिचा, मग म्हाताऱ्याच्या खिशातला. त्याने तो लांब धरून आपलं नाव वाचलं, खाली बसला आणि नानचा तुकडा मोडला.